खासगी विद्यापीठात दोन सत्रे : रावेर तालुक्यातील एका कुटुंबाचा अनुभव

माझी पुतणी पुणे परिसरातील एका खासगी विद्यापीठात बी.टेक. जैवतंत्रज्ञान शिकत असून तिची पहिली दोन सत्रे आता पूर्ण झाली आहेत. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, केळीची शेती पाहतात. मी विकास सोसायटीत, म्हणजे गावाला पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, गटसचिव असल्यामुळे घरातील कागदपत्रांचे काम आपोआप माझ्याकडे येते. प्रवेश अर्जापासून शुल्काच्या पावत्यांपर्यंत सर्व व्यवहार माझ्या हातून झाला आणि शिकवण्याविषयीचे जे काही लिहिले आहे, ते पुतणीला विचारून लिहिले आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण यातील बहुतेक गोष्टी कोणत्याही खासगी विद्यापीठात प्रवेश घेताना तपासाव्या लागतील अशा आहेत.

खान्देशात आपल्याला विद्यापीठ म्हटले की जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आठवते. ते १९९० मध्ये स्थापन झाले आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. त्यामुळे विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी व पदवी देणारी कचेरी आणि महाविद्यालय म्हणजे शिकण्याची जागा, अशी विभागणी आपल्या मनात पक्की असते. खासगी विद्यापीठात ही विभागणीच नसते. ते राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होते, त्याला इतर महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत, आणि अभ्यासक्रम आखणे, शिकवणे, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे व पदवी देणे ही सर्व कामे एकाच आवारात होतात. अभिमत विद्यापीठ हा आणखी निराळा प्रकार असून त्याला तो दर्जा विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र शासनाकडून मिळतो. माहितीपत्रकात सर्वच जण ‘युनिव्हर्सिटी’ असे लिहितात, म्हणून आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव कोणत्या सदराखाली आहे हे आम्ही आधी पाहिले. बनावट विद्यापीठांची यादीही तेथेच प्रसिद्ध होते.

हा प्रकार पाहणे केवळ माहितीसाठी नव्हे, तर पैशांसाठी आवश्यक आहे. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून (कॅप) झालेला असावा लागतो आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे वर सांगितलेली खासगी, विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. आमची पुतणी उत्पन्न व प्रवर्ग या दोन्ही अटींत बसत होती. केंद्रीय प्रवेश फेरीत तिला विभागातच एका विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळत होती आणि तेथे शिक्षण शुल्क शून्य झाले असते, मात्र शाखा वेगळी होती. जैवतंत्रज्ञानाच्या जागा राज्यात मोजक्याच महाविद्यालयांत आहेत आणि तिच्या पर्सेंटाइलवर त्या मिळणाऱ्या नव्हत्या. म्हणजे आमच्यासाठी खासगी विद्यापीठाची खरी किंमत दोन ठिकाणच्या शुल्कांतील फरकाएवढीच नव्हती. माफी सोडून दिल्यामुळे वर्षाच्या पावतीवरील सव्वादोन लाख हा संपूर्ण जादा खर्च होता. विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षातील मंडळींनी पहिल्या भेटीत याचा उच्चारही केला नाही आणि विचारल्यावर ‘आमचीही स्कॉलरशिप आहे’ असे उत्तर दिले.

ती शिष्यवृत्ती नेमकी काय असते, हेही समजून घ्यावे. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर शुल्कात दिलेली ती सवलत असते आणि दुसऱ्या वर्षापासून ठरावीक सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांची सरासरी श्रेणी, राखला तरच ती पुढे चालू राहते. आम्ही ही अट आणि दरवर्षी शुल्कात किती वाढ होईल, या दोन्ही गोष्टी ई-मेलवर लेखी मागितल्या. उत्तर यायला वेळ लागला, पण आले. नंदुरबारकडील आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांचे निकष स्वतंत्र असतात, त्यामुळे तिकडच्या पालकांनी नंदुरबार किंवा तळोदा येथील प्रकल्प कार्यालयात जाऊनच खात्री करावी. प्रवेश कक्षाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

कर्जाचा भाग माझ्या रोजच्या कामाजवळचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो. शिक्षण शुल्क, वसतिगृह व खानावळ मिळून चार वर्षांचा अंदाज चौदा लाखांच्या आसपास गेला. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज पत हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. त्यापुढे बँक तारण मागते. शेतकऱ्याकडे तारण म्हणून असते ती जमीन, आणि सर्फेसी कायद्याखालील, म्हणजे तारण ताब्यात घेऊन करायची, वसुली शेतजमिनीला लागू होत नसल्याने बँका ती घेण्यास नाखूष असतात. शिवाय सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आधीच असतो, तो मीच चढवलेला असतो ही वेगळी गोष्ट. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली असून तिच्यात तारण किंवा जामीनदार लागत नाही आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. मात्र ती निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांसाठीच आहे आणि ही निवड एनआयआरएफ या केंद्राच्या शिक्षणसंस्था क्रमवारीवर आधारित आहे. आमचे विद्यापीठ त्या यादीत नव्हते. शेवटी साडेसात लाखांचे कर्ज आणि उरलेली रक्कम केळीच्या हंगामावर, असे ठरले. केळीचे भाव पाहता यातील दुसरा भाग कोणत्याही बँकेने मान्य केला नसता.

आता शिकवण्याविषयी. येथे मात्र पैसे दिल्याचे समाधान बऱ्याच अंशी मिळाले. पहिल्या सत्रात गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग असे सर्व शाखांना समान असणारे विषय होते आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीतील व्याख्यानांचा सुरुवातीला चांगलाच ताण आला. संध्याकाळी घेतले जाणारे इंग्रजीचे पूरक वर्ग नावापुरते असतील असा माझा समज होता; प्रत्यक्षात ते नियमित झाले आणि दुसऱ्या सत्रात तिने वर्गासमोर सादरीकरण केले. दुसऱ्या सत्रापासून जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली. उतीसंवर्धनाचे (टिश्यू कल्चरचे) टेबल, म्हणजे लॅमिनार एअर फ्लो, आणि वाफेने निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह ही साधने केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी नसून पहिल्या वर्षाच्या मुलांनाही गटागटाने हाताळायला मिळतात. आमच्या शेतात ग्रँड नैन जातीची उतीसंवर्धित रोपे अनेक वर्षांपासून लागतात, पण ती बाटलीत कशी वाढतात, कंद निर्जंतुक करताना काय चुकले की बुरशी येते, आणि मातृझाडात विषाणू असेल तर तो हजारो रोपांत कसा पोहोचतो, हे घरात प्रथमच कोणी समजावून सांगितले. हरण्या रोगाने, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूने, बागा उपटून टाकलेल्या शेतकऱ्याला या माहितीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. भावाने त्या दिवशी तिला जेवताना इतके प्रश्न विचारले की भाकरी गार झाली.

अभ्यासक्रम स्वतःच ठरवता येत असल्याचा आणखी एक लाभ दिसला. मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतील एक गौण विषय घेता येतो; तिने डेटा सायन्स निवडला आहे. मूल्यमापन सत्रभर चालते, म्हणजे छोट्या चाचण्या, गृहपाठ, प्रात्यक्षिके व सादरीकरणे यांचे गुण अंतिम परीक्षेच्या गुणांत मिळवले जातात आणि निकालही लवकर लागतो. याची दुसरी बाजू अशी की शिकवणारा, प्रश्न काढणारा व तपासणारा बहुधा एकच प्राध्यापक असतो; त्यामुळे तो चांगला असला तर सर्व चांगले, नसला तर दाद मागायला बाहेरचे कोणी नाही. मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा व्हायला हवेत. पहिल्या सत्राचे श्रेयांक तिच्या अपार या विद्यार्थी ओळख क्रमांकाखाली डिजिलॉकरमध्ये बराच काळ दिसत नव्हते, परीक्षा विभागाला दोनदा लिहिल्यावर दिसू लागले. प्रत्येक सत्रानंतर पालकांनी हे पाहून घ्यावे, कारण पुढे मध्येच बाहेर पडायचे किंवा दुसरीकडे जायचे झाल्यास हीच नोंद कामी येते.

नाराजीची मोठी बाब म्हणजे प्राध्यापकांचे येणे-जाणे. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर रसायनशास्त्राचे अध्यापक नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी दुसरे येईपर्यंत काही आठवडे तासाला केवळ स्लाइड पाठवल्या गेल्या, तरीही ७५ टक्के उपस्थितीची मोजणी मात्र अॅपवर अखंड चालू राहिली. मुलांनी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज दिला. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती आणि तिच्यावर अपील ऐकण्यासाठी लोकपाल असणे बंधनकारक आहे, ही माहिती मुलांना असल्यामुळे अर्ज व्यवस्थित लिहिला गेला आणि जादा तास मिळाले. प्रवेशापूर्वी भेट द्याल तेव्हा इमारत दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला बाजूला ठेवून त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि ते किती वर्षांपासून आहेत, हे वरच्या वर्गातील मुलांना विचारावे.

वसतिगृह स्वच्छ व सुरक्षित आहे. खानावळीतील भाजीत गूळ घालतात. दर सुटीनंतर पुतणी शेंगदाण्याची चटणी व कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ घेऊन जाते, पीठ नेऊन तिथे काय करते ते तिलाच माहीत.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठे पॅकेज लिहिलेले असते, ते वाचून काही कळत नाही. एनआयआरएफसाठी संस्थांनी सादर केलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते आणि तिच्यात त्या वर्षी पदवी मिळवलेले विद्यार्थी, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि वेतनाचा मध्यांक (ज्याच्या खाली निम्मे व वर निम्मे असतात तो आकडा) हे आकडे मिळतात. आम्ही ते पाहिले तेव्हा फलकावरील आकडा आणि मध्यांक यांतील अंतर लक्षात आले, तरीही निर्णय बदलला नाही, कारण पुतणीला पुढे एम.टेक. किंवा संशोधनाकडे जायचे आहे. केवळ नोकरीच्या हेतूने संगणक शाखेत जाणाऱ्या आणि शुल्कमाफीस पात्र असलेल्या मुलीने केंद्रीय फेरीतील महाविद्यालय सोडून इतके पैसे भरावेत, असे मी म्हणणार नाही. ज्यांना शाखाच अन्यत्र मिळत नाही, त्यांचा हिशेब वेगळा.

शुल्क परताव्याचा नियमही प्रवेश घेतानाच माहीत असावा, कारण खासगी विद्यापीठे केंद्रीय फेऱ्या संपण्याच्या बऱ्याच आधी पैसे भरून घेतात. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण रक्कम, त्यातून ५ टक्के पण जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क वजा करून, परत द्यावी असे म्हटले आहे. त्यानंतर हे प्रमाण ९०, ८० व ५० टक्के असे उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काहीही मिळत नाही. मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यास त्यात मनाई आहे. आम्ही साक्षांकित प्रतीच दिल्या आणि मूळ दाखले पडताळणीनंतर त्याच दिवशी घरी आणले.

दुसऱ्या वर्षाचे शुल्क जुलैत भरायचे आहे. सीजीपीए सवलतीच्या अटीच्या थोडा वर राहिल्याने सवलत कायम आहे, आणि लेखी उत्तरात दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाढ मागणी-पत्रात लावलेली नाही. उन्हाळ्यात तिला जळगावातील उतीसंवर्धन प्रयोगशाळेत प्रशिक्षण घ्यायचे होते. विद्यापीठाने शिफारसपत्र लगेच दिले, पण त्या कामाचे श्रेयांक मिळतील की नाही, हे विभागाच्या बैठकीत ठरायचे आहे.