तुंबाड, भ्रमयुगम, मुंज्या : भुताचे पिक्चर आवडणाऱ्या सोलापूरकराचं मत

आमच्या सोलापुरात पाऊस म्हणजे नावालाच, त्यामुळं तुंबाडमधला तो न थांबणारा पाऊस बघितला की भूत यायच्या आधीच मन दडपून जातं, आणि आजीचा सीन तर लई बेकार, एकट्यानं बघूच नका. राही बर्वेचा हा पिक्चर २०१८ चा, पण हिंदीत अजून कुणी त्याच्या जवळ गेलं नाही असं माझं ठाम मत आहे, कारण यात भूत उगाच दारामागून उडी मारत नाही, माणसाची हावच त्याच्यापर्यंत घेऊन जाते. कणकेच्या बाहुल्यांची आयडिया तर कहर आहे राव!

भ्रमयुगम मल्याळम आहे, सबटायटलचा कंटाळा करू नका. २०२४ चा पिक्चर अन् पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, मोजकी माणसं, एक जुना पडका वाडा, मामूट्टी नुसता हसला तरी पोटात गोळा येतो. मोबाईलवर नको, अंधार करून टीव्हीवर आवाज वाढवून बघा.

मुंज्या ठीक. कोकण, पिंपळ, सगळं आपलं वाटतं, पण कॉम्प्युटरवर केलेलं भूत फार वेळ समोर राहतं मग भीती जाते. पोरांसोबत बघायला चालेल.