सीईआयएनएमएस टूलबॉक्स: काही महिने वापरल्यानंतर

नवरात्र संपली की बडोद्यात गुडघेदुखीचे पेशंट वाढतात. आमचं काम याच गुडघ्यांवर चालतं. चालताना मांडीचे स्नायू किती बळ लावतात ते आत सेन्सर घालून मोजता येत नाही, म्हणून ईएमजीवरून, म्हणजे कातडीवर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या स्नायूंच्या विद्युत सिग्नलवरून, अंदाज काढायचा. त्यासाठी दिवाळीनंतर सीईआयएनएमएस घेतलं, ते अजून रोज चालू आहे. ओपनसिम या शरीराच्या हालचालींचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडीनं चालणारं हे मोफत टूलबॉक्स, त्यावरचा मूळ शोधनिबंध 2015 चा.

आधी आम्ही ओपनसिममधलं स्टॅटिक ऑप्टिमायझेशन वापरायचो. ते काटकसरी कारकुनासारखं आहे: सांध्याला लागणारा टॉर्क (फिरवणारं बळ) जुळला पाहिजे आणि स्नायूंची एकूण मेहनत कमीत कमी दिसली पाहिजे. पण दुखरा गुडघा काटकसर करत नाही. पेशंट भीतीनं पुढचे-मागचे दोन्ही स्नायू आवळून पाय टाकतो, आणि नेमकं हे आवळणंच त्या हिशेबात जवळजवळ नाहीसं होतं. सीईआयएनएमएसमध्ये ईएमजीच आत जात असल्यामुळे ते दिसतं. माझ्या मते या टूलबॉक्सचा खरा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

आता डोकेदुखी. ईएमजीचा सिग्नल 30 हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरमधून काढायचा, रेक्टिफाय करायचा (उणे भाग अधिक करायचा), 6 हर्ट्झच्या लो-पास फिल्टरनं गुळगुळीत करायचा, मग त्या स्नायूच्या कमाल जोराच्या वेळच्या सिग्नलनं भागायचा. उत्तर शून्य ते एकमध्ये यायला हवं. आमच्या एका काकूंना खुर्चीत बसवून पाय बांधला, म्हटलं, “काकू, पूर्ण जोर लावा.” त्या म्हणाल्या, “लावतेय की! अजून लावला तर उद्या जिना कोण चढणार, तू?” त्यांनी बेतानंच लावला. पुढे पायऱ्या चढताना सिग्नल एकच्या वर! आता आम्ही भागाकाराला सगळ्या चाचण्यांमधली मोठ्यात मोठी किंमत घेतो, खुर्चीतून उठणं आणि पायऱ्या धरून.

उन्हाळ्यात घामानं इलेक्ट्रोड सुटतात ते वेगळंच. विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची घरघर आली की लगेच नॉच फिल्टर (तेवढाच पट्टा कापणारा) लावू नका, ईएमजीची स्वतःची ताकदही त्याच पट्ट्यात असते. आधी केबल आणि अर्थिंग बघा.

कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल त्या पेशंटला जुळवून घेणं, रात्री लावून घरी जावं. मॉडेलचा टॉर्क इन्व्हर्स डायनॅमिक्सच्या (मोजलेल्या हालचालीवरून उलट काढलेल्या) टॉर्कशी जुळेपर्यंत ते फायबरची लांबी, टेंडनची स्लॅक लेंग्थ (ताण नसतानाची लांबी), स्नायूची ताकद वगैरे हलवत राहतं. सकाळी आलेख सुंदर जुळलेला दिसतो आणि माणूस खूश होतो. जरा थांबा. एखादी किंमत तुम्ही दिलेल्या मर्यादेला टेकून बसली असेल, तर तो जुळलेला आलेख कामाचा नाही. शिवाय एकूण टॉर्क बरोबर आला म्हणून प्रत्येक स्नायूचा वाटा बरोबर असतोच असं नाही.

मांडी वर उचलणारा इलिओप्सोआस स्नायू खोलवर असतो, कातडीवरच्या इलेक्ट्रोडला तो सापडत नाही. अशा स्नायूंसाठी हायब्रिड मोड वापरा, त्यात न मोजलेला सिग्नल टूलबॉक्स स्वतः हिशेबानं भरतं.

बटणं दाबायची खिडकी नाही. कमांड लाइन आणि एक्सएमएल फाइल्स, बस्स. स्नायूची नावं ओपनसिम मॉडेलमधल्यासारखी तंतोतंत लागतात. डेटा तयार करायला मोटोएनएमएस हे दुसरं टूलबॉक्स सोयीचं आहे, पण ते मॅटलॅबवर चालतं, म्हणजे तिथे लायसन्सचा खर्च आलाच.

पेशंटला त्याच दिवशी रिपोर्ट हातात द्यायचा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. संशोधनासाठी, आणि टीममध्ये प्रोग्रामिंग जाणणारा एक माणूस असेल, तर जरूर घ्या.