हंटिंगसाठी रिलीज कुठलं घ्यावं, मनगटाच्या पट्ट्याचं की हातात धरायचं? दोन्ही वापरून लिहितेय

रिलीज म्हणजे कंपाउंड बोची, म्हणजे कप्प्या असलेल्या धनुष्याची, दोरी ओढून सोडायचं छोटं यंत्र. आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. सराव हातात धरायच्या रिलीजवर करा, थंब बटणवाल्या, म्हणजे अंगठ्यानं सुटणाऱ्या, निदान एक अख्खा उन्हाळा, आणि शिकारीला झाडावर बसायला जाताना मनगटाला बकलचा पट्टा असलेलं घेऊन जा. वेल्क्रोचा पट्टा घेऊ नका. हे मी चार सीझन अमेरिकेत मिशिगनमध्ये व्हाइटटेल हरणांच्या मागे घालवून आणि तीन रिलीज वापरून सांगतेय.

आपल्याकडे शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मलाही वाटतं, इथली गोष्ट वेगळी आहे, इथे हरणं भरपूर आहेत, लायसन्स काढावं लागतं, 1 जानेवारी 1960 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याआधी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, आणि धनुष्याचा सीझन 1 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर असतो, 15 ला बंदूकवाले उतरतात, मग 1 डिसेंबरपासून 1 जानेवारीपर्यंत परत आमचा. मांस विकता येत नाही, घरीच खायचं किंवा कुणाला द्यायचं. तिकडे कुणी नुसती कंपाउंड आर्चरी करत असेल तर त्यांनाही रिलीजचा भाग उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंपाउंड बोची स्ट्रिंग आपण बोटांनी नाही ओढत. रिकर्व्हवाले, म्हणजे कप्प्या नसलेलं धनुष्य वापरणारे, बोटांना टॅब (चामड्याचा तुकडा) लावून ओढतात, कंपाउंडच्या स्ट्रिंगला मागच्या बाजूनं जाड दोऱ्याचा एक छोटा फास बांधलेला असतो, त्याला डी-लूप म्हणतात, त्यात रिलीजचा हुक अडकवायचा, ओढायचं, आणि ट्रिगर दाबला की हुक उघडून स्ट्रिंग सुटते. बोटांवरून सुटताना स्ट्रिंग थोडी बाजूला घसरते, तसं इथे होत नाही म्हणून बाण सरळ जातो. माझा बो 45 पाउंडांचा आहे, लेट-ऑफ 80 टक्के, म्हणजे पूर्ण ओढून झालं की हातावर 9 पाउंडच राहतात, पण ओढताना मध्ये ते 45 येतातच आणि ते कुठे येतात हाच या दोन प्रकारांतला मोठा फरक. पट्ट्याच्या रिलीजमध्ये सगळा भार मनगटावर आणि पुढच्या हातावर येतो, बोटं मोकळी. हातात धरायच्या रिलीजमध्ये तो तीन किंवा चार बोटांवर येतो. रेंजवर हे जाणवत नाही, नोव्हेंबरात दोन तास न हलता बसल्यावर बोटं लाकडासारखी झाली की मग कळतं.

माझं पहिलं रिलीज एका मोठ्या दुकानात बो घेताना त्यांनीच सोबत दिलेलं, स्वस्तातलं, वेल्क्रोचा पट्टा आणि पुढे दोन जबडे असलेलं. कंपनीचं नाव घेत नाही. वेल्क्रोचं काय होतं ना, तो रोज थोडा वेगळा बसतो, आज घट्ट, उद्या जॅकेटच्या बाहीवरून जरा सैल, आणि तेवढ्यानं ट्रिगर बोटापासून अर्धा इंच पुढेमागे होतो. बकलच्या पट्ट्याला भोकं असतात, तिसऱ्या भोकात तर तिसऱ्याच भोकात, रोज एकाच जागी. आवाजाचं तर विचारूच नका, एकदा पहाटे पट्टा खूप आवळलेला वाटला म्हणून अगदी हळूच सोडवायला गेले तर तो खर्रर्र आवाज अख्ख्या जंगलात गेला आणि खाली पंचवीस यार्डांवर मला न दिसलेली एक मादी होती ती शेपूट वर करून गेली. दोन जबड्यांचं दुसरं दुखणं म्हणजे जाड ग्लोव्ह घालून डी-लूपवर ते बंद करताना मान खाली घालून बघावंच लागतं, आणि हरीण समोर असताना मान हलवायची नसते. उघडा हुक असला की तो नुसत्या स्पर्शानं लागतो, नजर हरणावरच राहते.

पण पहिल्या वर्षी जे झालं त्याला पट्टा कारण नव्हता, माझं बोट कारण होतं.

टारगेट पॅनिक म्हणतात त्याला. साइटची (नेम धरायच्या भागाची) पिन निशाणावर आली की "आत्ता, आत्ता" असं होऊन बोट ट्रिगरवर आपटतं, आणि आपटताना सगळा हात हलतो. रेंजवर असताना बाण चार इंच बाजूला जातो, आपण परत मारतो, काही बिघडत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एक मादी अठरा यार्डांवर आडवी उभी होती, पुढचा पाय पुढे टाकलेला, खांद्यामागची फुफ्फुसांची जागा पूर्ण उघडी, यापेक्षा सोपा शॉट मिळत नाही. मी बोट आपटलं. बाण मागे गेला, पोटात. खाली उतरून बाण बघितला तर त्यावर लाल नव्हतं, हिरवट होतं आणि वास येत होता, माझ्या पायांतलं बळच गेलं. मला शिकवणारे शेजारचे आजोबा आहेत, सत्तरीचे, त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की आता मागे जाऊ नकोस, सकाळपर्यंत थांब, मागे गेलीस तर ती लांब पळेल आणि सापडणारच नाही. रात्रभर झोप नाही. सकाळी ती दोनशे पावलांवर सापडली, रात्र उबदार होती, मांस नासलेलं. आईला मी हे सगळं सांगते, ती साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "अगं मारतेस ते मारतेस, पण त्या जिवाला तळमळत नको गं ठेवूस." ते वाक्य मी विसरलेले नाही. रिलीज हा विषय मी इतका मनावर का घेतलाय ते आता कळलं असेल.

त्यानंतर आजोबांनी तर्जनीचा ट्रिगर बंदच करायला लावला आणि मी हातात धरायचं घेतलं, स्टॅन कंपनीचं थंब बटणवालं, स्मॉल साइझ. साइझचं मुद्दाम सांगतेय, बायकांनी आणि लहान हाताच्या पुरुषांनी नीट ऐका, दुकानात पुष्कळदा मीडियम किंवा लार्जच बाहेर ठेवलेलं असतं आणि ते हातात घेतलं की अंगठा बटणापर्यंत टोकानं पोचतो. टोकानं पोचला की टोकानंच दाबणार, म्हणजे परत तेच आपटणं. बटण अंगठ्याच्या मुळाशी, गादीजवळ बसलं पाहिजे, अंगठा त्याच्याभोवती नुसता वळलेला, आणि मग अंगठा हलवायचाच नाही, कोपर मागे नेत राहायचं, पाठीचे स्नायू आवळत, आणि कधीतरी ते आपोआप सुटतं. पहिले दोन आठवडे मी पाच यार्डांवर, निशाणाचा कागदच काढून टाकून, नुसत्या गठ्ठ्यावर मारलं. मग वीस यार्ड. जुलैपर्यंत असं झालं की बाण सुटला की मला स्वतःलाच दचकायला व्हायचं, आणि तेच हवं असतं.

हातात धरायच्या रिलीजचा अँकरही पक्का होतो. तळहात बाहेरच्या बाजूला वळतो आणि तर्जनी-मधल्या बोटाच्या गाठींमध्ये जबड्याचं हाड बरोब्बर बसतं, हाडाला हाड लागतं, रोज तिथेच. पट्ट्याच्या रिलीजमध्ये अंगठ्याची बाजू गालाखाली कुठेतरी टेकते, ती जागा शोधावी लागते. कंपाउंडचे स्पर्धेतले जवळजवळ सगळे हातात धरायचंच का वापरतात ते यातून समजतं. 2023 ला बर्लिनला आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनं आणि साताऱ्यातच सराव करणाऱ्या ओजस देवतळेनं एकाच दिवशी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, ओजसनं फायनलला 150 पैकी 150 मारले, त्या फायनलचा व्हिडिओ मिळाला तर बाण नका बघू, हात बघा, सुटेपर्यंत बोटं कशी शांत असतात ते. मी तो उन्हाळाभर बघितलाय, माहेरचा अभिमान तर आहेच.

मग हेच घेऊन झाडावर का जात नाही? मी गेले ना, पूर्ण एक सीझन. पहिली गोष्ट म्हणजे ते खिशात असतं, हातात नाही, म्हणजे हरीण दिसल्यावर खिशात हात घालणं ही एक जास्तीची हालचाल. काहीजण ते डी-लूपवर अडकवूनच ठेवतात, मीही ठेवायचे, पण मग बो उचलताना ते लोंबकळतं आणि राइझरला, म्हणजे बोच्या मधल्या दांड्याला, लागून टिंग वाजू शकतं, धातूचा आवाज हरणाला लगेच कळतो. दुसरी गोष्ट, पडतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बक, म्हणजे नर, माद्यांच्या मागे दिवसासुद्धा फिरत असतात तेव्हा, एक आठ टोकांच्या शिंगांचा तीस यार्डांवरून येत होता, मी ग्लोव्हमधून रिलीज काढलं आणि ते निसटलं, सतरा फूट खाली सुक्या पानांत थप्प. तो थांबला, माझ्याच झाडाकडे बघितलं, आणि वळून गेला. मनगटाला दोरी बांधायची सोय असलेली मिळतात, ती बांधली असती तर पडलं नसतं हे खरंय. पण थंडीत कडक झालेल्या बोटांनी 45 पाउंड ओढताना पकड सुटेल की काय ही धास्ती दोरीनं जात नाही. पकड अर्ध्यात सुटली तर बाण कुठेही जाऊ शकतो.

म्हणून मागच्या दोन सीझनला झाडावर स्पॉट हॉगचं वाइज गाय, बकलच्या पट्ट्याचं. उघडा हुक आहे, शॉटनंतर तो स्वतःच परत तयार होतो, वेगळं कॉक करावं लागत नाही, आणि ट्रिगर पुढे सरकवलेला आहे म्हणून आखूड हाताच्या माणसाला बरं पडतं. सकाळी अंधारात गाडीपाशी पट्टा बांधला की तो दिवसभर अंगावर, विसरायचा प्रश्न नाही, पडायचा नाही. ट्रिगर किती जड ठेवायचा ते बदलता येतं, माझा मी मुद्दाम जड ठेवलाय, कारण हलका ट्रिगर ग्लोव्हचं कापड लागूनही सुटू शकतो. पट्ट्याच्या रिलीजचा एक त्रास आहेच, झाडावर चढताना पुढचा भाग पायऱ्यांवर आपटतो, मी तो मागे वळवून बाहीत खोचते आणि वरून रबर बँड.

आता मुख्य गोष्ट, तर्जनीचा ट्रिगर बोटाच्या टोकानं दाबायचाच नाही. बोट खोल घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत, गाडीच्या दाराच्या हँडलला वळवतो तसं वळवायचं आणि तिथेच ठेवून कोपर मागे न्यायचं, म्हणजे थंब बटणवर जे शिकलो तेच, फक्त बोट वेगळं. हे थेट पट्ट्याच्या रिलीजवर शिकता येत असेल कुणाला, मला नाही आलं, तर्जनीला आयुष्यभर दाबायचीच सवय असते. आणि ओढत असताना बोट ट्रिगरच्या मागे ठेवा, पुढे नाही. माझ्या समोर रेंजवर एकाचा बाण अर्ध्या ओढीत सुटलेला बघितलाय, त्याची मूठ त्याच्याच ओठांवर आली.

एक मात्र लक्षात ठेवा, दोन रिलीजचा अँकर वेगळा म्हणजे पीपमधून (स्ट्रिंगमधल्या बघायच्या छोट्या भोकातून) बघायची जागा थोडी वेगळी, माझे बाण 20 यार्डांवर दोन इंच डावीकडे जायला लागले होते. पट्टा एक भोक आवळून आणि पुढचा दांडा आखूड करून निम्मं अंतर भरून निघालं, उरलेलं साइट सरकवून. त्यामुळे मी 15 ऑगस्टनंतर हातातल्या रिलीजला हातच लावत नाही, सीझन संपेपर्यंत एकच. बाणाला 20 यार्ड जायला साधारण पाव सेकंद लागतो, तेवढ्यात आवाजानं हरीण खाली दबतं, त्यात आपली दोन इंच चूक मिसळायला नको.

मागच्या ऑक्टोबरला त्याच झाडावरून, बावीस यार्ड, मादी. ओढलं, बोट वळवलं, पिन खांद्यामागे आली आणि थोडी हलत राहिली, ती हलू दिली, कोपर मागे, मागे, आणि सुटलं तेव्हा मला कळलंच नाही कधी सुटलं. साठ पावलांवर पडली, मला झाडावरून पडताना दिसली. पाठीच्या कण्यालगतच्या मांसाचा पट्टा त्याच संध्याकाळी कांदा-लसूण मसाल्यात परतला, आजोबांना डबा दिला, तिखटानं नाक पुसत पूर्ण खाल्लं त्यांनी.

किमतीचं म्हणाल तर बकलचं चांगलं रिलीज 100 डॉलरच्या वर जातं, हातात धरायचं चांगलं 200 च्या आसपास, म्हणजे दोन्ही घ्यायची म्हटली तर महागच पडतं. एकच परवडत असेल आणि हंटिंगच करायचं असेल तर बकलचं घ्या, आणि थंब बटणवालं रेंजवर कुणाचं तरी दोन महिने मागून वापरा, बहुतेक लोक आनंदानं देतात. घ्यायला जाताना बोचं काम करणाऱ्या छोट्या दुकानात जा, स्वतःचा बो आणि नोव्हेंबरात घालता तेच ग्लोव्ह आणि तेच जॅकेट घेऊन, आणि तिथेच दहा वेळा न बघता हुक डी-लूपवर लावून बघा. दहापैकी दहा वेळा लागला तर पैसे द्या.