क्रूझवर वादकाची नोकरी : नाशिकच्या वादकांनी पैसे भरण्याआधी हे वाचावे

नाशिकमध्ये सुपाऱ्यांवर वाजवणाऱ्या कलाकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘परदेशी क्रूझसाठी की-बोर्ड, गिटार आणि ड्रमवादक पाहिजेत, राहणे-जेवण मोफत, पगार डॉलरमध्ये’ अशी जाहिरात अजूनही फिरत आहे. मजकूर जवळजवळ तोच आहे, संपर्काचा क्रमांक तेवढा बदललेला आहे. याच जाहिरातीच्या मार्गाने माझे १,८३,५०० रुपये गेले आणि त्यांतला मोठा भाग पतसंस्थेच्या कर्जाचा होता, ज्याला माझ्यासोबत ऑक्टोपॅड वाजवणारा मित्र जामीन राहिला आहे. माझ्या ओळखीतल्या आणखी दोन वादकांनी या जाहिरातीची माझ्याकडे चौकशी केल्यामुळे सगळा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

ही जाहिरात कोणत्या दिवसांत येते, हे आधी लक्षात घ्यावे. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या काळात गणपती आणि नवरात्र सोडले, तर आपल्यासारख्यांच्या हाताला काम नसते. गंगापूर रोडकडच्या वाइनरी आणि रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारी वाजवायला मिळते, पण पावसाळ्यात तेही भरवशाचे नसते. की-बोर्डचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. माझ्याशी बोलणाऱ्या माणसाला हे सगळे नेमके माहीत होते. तो अस्सल नाशिकच्या बोलीत बोलत असे, स्वतः नाशिकरोडचा असल्याचे सांगत असे आणि मला पहिल्या फोनपासून ‘दादा’ म्हणत असे. त्याने सांगितलेला पगार महिना २,४०० डॉलर होता. तो खोटा वाटावा इतका मोठा नव्हता, म्हणूनच मनाला पटला.

ऑडिशन व्हिडिओ कॉलवर झाली. समोरच्याचा कॅमेरा बंद होता आणि नेटवर्कची अडचण असल्याचे कारण देण्यात आले. मला एक हिंदी आणि एक इंग्रजी गाणे वाजवायला सांगितले. दुसऱ्या गाण्याचा अंतरा पूर्ण होण्याआधीच ‘बस, खूप छान, तुमचे सिलेक्शन झाले’ असे शब्द कानावर पडले. वादक हा दाद मिळाली की सैल होतो. वर्षानुवर्षे हळदीच्या आणि संगीताच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या पंगतींच्या आवाजात वाजवणाऱ्या माणसाला कोणीतरी फक्त त्याचे वाजवणे ऐकण्यासाठी वेळ काढला, ही गोष्टच फार मोठी वाटते. या लोकांनी आमच्या गरजेइतकाच आमच्या कलेच्या ओढीचाही वापर केला, आणि त्याचा मला पैशांपेक्षा अधिक संताप येतो.

खऱ्या ऑडिशनचे स्वरूप नंतर मला क्रूझवर प्रत्यक्ष काम केलेल्या एका गिटारवादकाकडून समजले. जहाजाच्या हाऊस बँडमध्ये नाट्यगृहातल्या कार्यक्रमांना साथ करावी लागते आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्या गायकांची गाणी थोड्याच सरावावर वाजवावी लागतात. त्यामुळे तिथे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, पाहून लगेच वाजवता येते का, याची परीक्षा होते. चार्ट, म्हणजे नोटेशनचा कागद, समोर ठेवतात, क्लिक, म्हणजे लय धरून देणारी टिकटिक, लावतात आणि तुम्ही पहिल्याच वाचनात कुठे अडखळता ते पाहतात. पट्टी बदलून वाजवायला सांगतात. पार्टी बँडसाठी किंवा एकट्याने वाजवणाऱ्यासाठी नोटेशनचा आग्रह कमी असतो, पण तिथेही कोणतीही काटछाट नसलेला व्हिडिओ आणि पाठ असलेल्या गाण्यांची भलीमोठी यादी मागतात, आणि त्या यादीतले कोणतेही गाणे अचानक सांगतात. संगीत जाणणारा माणूस तुमच्याशी संगीताविषयी बोलतो. मला नोटेशन येते का, असा प्रश्न एकदाही विचारण्यात आला नाही. मी कोणता की-बोर्ड वाजवतो, बँडमध्ये आणखी कोण असेल, रोज किती सेट वाजवायचे, यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही. पुढे जे करारपत्र आले त्यात पदाच्या जागी ‘म्युझिशियन’ एवढाच शब्द होता, वाद्याचे नावसुद्धा नव्हते.

त्यानंतर टप्प्याटप्प्याने पैसे मागण्यात आले. आधी नोंदणीचे १२,००० रुपये घेतले आणि ते पहिल्या पगारात परत मिळतील असे सांगितले. मग वैद्यकीय तपासणीचे ९,५०० झाले. तपासणी नाशिकमधल्याच एका प्रयोगशाळेत खरोखर झाली, रक्त घेतले, छातीचा एक्स-रे काढला, आणि त्यामुळे माझा विश्वास आणखी पक्का झाला. पुढे सीडीसी (खलाशाचे नोंदणीपुस्तक) आणि सुरक्षा प्रशिक्षणाचे ७८,०००, व्हिसाचे ४६,००० आणि शेवटी विमानाचे तिकीट व विमा म्हणून ३८,००० रुपये घेतले. प्रत्येक रक्कम यूपीआयने वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांवर पाठवायला सांगितली गेली. विचारले असता ‘हे आमचे अकाउंटंट आहेत’ असे उत्तर मिळाले.

या फसवणुकीतले सर्वांत धोकादायक अंग असे की, त्याने मागितलेली कागदपत्रे खोटी नव्हती. परदेशी क्रूझवर नोकरी करणाऱ्या वादकाकडे सीडीसी मागितले जाते. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे, प्रशिक्षण लागते. काही देशांच्या बंदरांसाठी पिवळ्या तापाची लस लागते. जहाज अमेरिकेतून सुटणार असेल तर जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीचा सी१/डी प्रकारचा व्हिसा लागतो. मी इंटरनेटवर यातला प्रत्येक शब्द शोधला आणि प्रत्येक वेळी तो खरा निघाला. तुम्ही शोधाल तेव्हा तुम्हालाही तो खराच सापडेल. म्हणून कागदपत्राचे नाव खरे आहे का, एवढे पाहून थांबू नये. ते कोण देते, कसे मिळते आणि त्याचा खर्च कोणी करायचा असतो, हे पाहावे.

खर्चाबाबतचा नियम स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम करारानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी नाविकाकडून (यात जहाजावर नोकरी करणारा वादकही आला) कोणतेही शुल्क घेता येत नाही. नाविकाने स्वतः सोसायचा खर्च फक्त वैद्यकीय प्रमाणपत्र, नाविकाचे नोंदणीपुस्तक आणि पासपोर्ट यांसारखी प्रवासाची वैयक्तिक कागदपत्रे एवढ्यापुरता आहे. व्हिसाचा खर्च त्यातून नाव घेऊन वगळलेला असून तो जहाजमालकाने करायचा आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. आपल्या नौवहन महासंचालनालयाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणेही नाविकांची भरती फक्त आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचा परवाना, असलेल्या संस्थेलाच करता येते आणि तिलाही उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. प्रशिक्षणाचे शुल्क बहुतेक वेळा उमेदवारालाच भरावे लागते हे खरे, पण ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत स्वतः जाऊन, संस्थेच्या नावाने आणि पावती घेऊन भरायचे असते. या हिशोबाने पाहिले, तर माझ्याकडून घेतलेली नोंदणीची, व्हिसाची आणि तिकिटाची रक्कम मागण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

७८,००० रुपये भरल्यावर काही दिवसांतच मोबाइलवर चार प्रमाणपत्रांच्या पीडीएफ आल्या. माझे नाव, माझा फोटो, गोल शिक्का, सगळे जागच्या जागी होते. एका प्रमाणपत्रावर समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण मी पूर्ण केल्याचे लिहिले होते. हे प्रशिक्षण घेणाऱ्याला लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारावी लागते, उलटलेला लाइफराफ्ट (जीवरक्षक तराफा) सरळ करून त्यात चढावे लागते. आग विझवण्याच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष आग लावून ती विझवायला लावतात. मी घराबाहेर पाऊलही टाकले नव्हते. मी विचारल्यावर तो म्हणाला, ‘दादा, कलाकारांना सूट असते, ट्रेनिंग जहाजावर गेल्यावर होते.’ जहाजावर चढल्यानंतर सुरक्षेचे आणखी प्रशिक्षण होते हे खरे आहे, त्यामुळे या उत्तरालाही सत्याचा आधार होता. पण त्याने आधीचे प्रशिक्षण माफ होत नाही.

हा भाग तरुण वादकांनी फार गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते, कारण येथे प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. अशी बनावट प्रमाणपत्रे घेऊन कोणी विमानतळावर किंवा जहाजावर पोहोचला, तर ती वापरणारा म्हणून तोच गुन्ह्यात अडकतो. अमेरिकेच्या व्हिसासाठी खोटी माहिती किंवा खोटी कागदपत्रे दिल्यास त्या देशात प्रवेशाची कायमची बंदी येऊ शकते. आणि समजा यातून निसटून तो जहाजावर चढलाच, तर आणीबाणीच्या वेळी प्रवाशांना लाइफबोटीपर्यंत नेण्याच्या कामात वादकांनाही नेमलेले असते. ज्याने कधी लाइफजॅकेट बांधून पाहिले नाही, त्याच्या भरवशावर लहान मुले आणि म्हातारी माणसे उभी राहतील.

व्हिसाच्या वेळी सगळा बनाव उघडा पडला. ‘अभिनंदन, तुमचा व्हिसा स्टॅम्प झाला’ असा संदेश आला आणि सोबत व्हिसाचे चित्र आले. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला असतो. माझा पासपोर्ट त्या क्षणी आमच्या इंदिरानगरच्या घरी, कपाटातल्या लोखंडी पेटीत, बाबांच्या पेन्शनच्या कागदांखाली होता. मी पेटी उघडून तो काढला आणि एकेक पान उलटले. सगळी पाने कोरी होती. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला मला कधी बोलावले नव्हते आणि बोटांचे ठसेही घेतले नव्हते. दुर्दैवाने तिकिटाचे ३८,००० रुपये मी त्याच दिवशी सकाळी पाठवले होते.

संध्याकाळी मी सर्व कागद घेऊन सिडकोत राहणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेलो. ते मालवाहू जहाजांच्या इंजिन विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी चष्मा लावून पहिले प्रमाणपत्र पाहिले आणि विचारले, ‘तुझा इंडोस नंबर कुठे आहे?’ भारतात नाविकाची पहिली ओळख म्हणजे हा इंडोस क्रमांक. तो असल्याशिवाय ना मान्यताप्राप्त प्रशिक्षण होते, ना सीडीसी निघते. माझ्या चारही प्रमाणपत्रांवर तो नव्हता, आणि असा काही क्रमांक असतो हेही मला कोणी सांगितले नव्हते.

परवान्याची गोष्ट त्याहून चलाखीची होती. करारपत्राच्या वरच्या बाजूला आरपीएसएल क्रमांक छापलेला होता. तो मी सुरुवातीलाच नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीत शोधला होता आणि तो तिथे होता. वैधही होता. परंतु तो मुंबईतल्या दुसऱ्याच एका प्रामाणिक संस्थेचा होता आणि नावातले एक अक्षर इकडेतिकडे करून या लोकांनी तो उचलला होता. दुसऱ्या दिवशी मी यादीत दिलेल्या दूरध्वनीवर फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, त्यांची संस्था फक्त मालवाहू जहाजांसाठी भरती करते, वादकांची भरती त्यांनी कधी केलेली नाही आणि असे फोन त्यांना याआधीही आले आहेत. तेव्हा क्रमांक यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. यादीतल्याच दूरध्वनीवर, यादीतल्याच पत्त्यावर विचारणा करा आणि तुमच्याशी बोलणारा माणूस त्यांचा आहे का, हे त्यांच्या तोंडून ऐका. जाहिरातीतल्या किंवा पत्रावरच्या क्रमांकावर फोन करून केलेल्या चौकशीला काहीच अर्थ नाही.

करारपत्राबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. खऱ्या करारात जहाजमालकाचे नाव व पत्ता, पद, वेतन, रजा, करार संपवण्याच्या अटी, उपचारांची तरतूद आणि मायदेशी परत आणण्याची जबाबदारी हे सगळे लिहिलेले असते, आणि सही करण्यापूर्वी तो वाचून सल्ला घेण्याची संधी देणे बंधनकारक आहे. मला ‘आज रात्रीपर्यंत सही करून पाठवा, नाहीतर जागा जाईल’ असे सांगितले गेले होते.

व्हिसाचे चित्र आले त्याच दिवशी, सिडकोतून घरी परतताच, मी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. यूपीआयचे सर्व व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि आलेल्या पीडीएफ मी तारखेप्रमाणे लावून नेल्या होत्या, त्यामुळे जबाब लिहून घेताना अडचण आली नाही. तक्रार त्याच दिवशी झाल्याने शेवटचे ३८,००० रुपये समोरच्या खात्यात गोठवता आले असून ते परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. आधीच्या चार रकमा त्या त्या दिवशीच पुढच्या खात्यांत वळत्या झाल्या होत्या आणि त्यांचा तपास चालू आहे. नौवहन महासंचालनालयालाही मी दुसऱ्या संस्थेचा परवाना क्रमांक असा चोरून वापरल्याविषयी कळवले आहे.

ज्यांनी अशाच जाहिरातीवरून पैसे भरले आहेत, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून किंवा घरी कळेल या संकोचाने गप्प बसू नये. पोलिसांनी मला सांगितले की, एकाच खात्याविरुद्ध वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी आल्या, तर ती खाती एकमेकांशी जोडून पाहणे सोपे जाते. त्या माणसाने मोबाइल क्रमांक बदलला तरी प्रमाणपत्रांचा नमुना, शिक्का आणि करारपत्राची भाषा तीच ठेवली आहे, म्हणून चॅट पुसून टाकू नका आणि पीडीएफ जपून ठेवा.