लिमात सेविचे: मंडईतलं काउंटर की मिराफ्लोरेसचं टेबल?

पेरूच्या राजधानीत, लिमात, सेविचे (लिंबाच्या रसात कालवलेली कच्ची मासळी) दुपारीच खायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सकाळची मासळी दुपारपर्यंत संपवायची ही तिथली जुनी रीत, म्हणून बऱ्याच सेविचेरिया, म्हणजे सेविचेची खानावळं, चार-पाचला दार लावतात. मग प्रश्न उरतो जागेचा: लिमाच्या मिराफ्लोरेस भागातलं नावाजलेलं रेस्टॉरंट, की पलीकडे सुर्किल्यो भागाच्या मंडईतलं काउंटर?

सोबत वडीलधारी माणसं असतील तर रेस्टॉरंटच बरं. निवांत बसता येतं. तिरादितो म्हणजे कच्च्या मासळीचे पातळ काप, तळलेल्या मासळीची खालेया, कोळंबी-शिंपल्यांचा भात, सगळं एका ठिकाणी मिळतं. मंडईत कोपराला कोपर लावून स्टुलावर बसायचं, मोजक्या पदार्थांतून निवडायचं, तेही स्पॅनिशमध्ये. रोख सोल (पेरूचं चलन) जवळ असलेले बरे.

माझं मन मात्र एका गोष्टीनं वळलं. एका रेस्टॉरंटात आम्ही सगळं एकत्र मागवलं आणि सगळं एकत्रच आलं. भात होईपर्यंत सेविचे कालवून ठेवलेलं असावं. कोर्विना माशाचे तुकडे आतपर्यंत पांढरे आणि चिवट, कांद्याचा करकरीतपणा गेलेला. मीठ घातलेली काकडीची कोशिंबीर तासाभरानं पानात यावी, तसं. पूर्वी पेरूतही मासा तासन्‌तास मुरवत; १८९९पासून तिथे आलेल्या जपानी कुटुंबांच्या हाताखाली तो वेळ मिनिटांवर आला. कडेनं पांढरा, मध्ये अजून कोवळा, अशा तुकड्यातच खरी चव. टेबल भटारखान्यापासून लांब असलं की ती निसटते.

सुर्किल्योत मासा डोळ्यांसमोर कापला, मीठ, लिंबू, आही लिमो मिरची, वरून लाल कांदा, आणि ताटली थेट हातात. शेजारी रताळं, टपोऱ्या दाण्यांचा मका. खाली उरलेला आंबट-तिखट रस मी चमच्यानं संपवला. हा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकतो. शिवाय लिंबानं मासा शिजल्यासारखा दिसला, तरी आचेवर मरतात तसे जंतू त्यानं मरत नाहीत. पोट नाजूक असेल, तर दोन्हीकडे जपूनच.

तरीही एकच दुपार हाती असेल, तर मी मंडई सुचवेन. गर्दीचं काउंटर बघा, तिथे मासा पडून राहत नाही. रेस्टॉरंटच ठरलं, तर आधी फक्त सेविचे मागवा आणि ते संपल्यावरच बाकीचं सांगा.