अमोनिया गळतीच्या वेळी हुकूम कोणाचा? घटनास्थळ नियंत्रणाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाविषयी

रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावात बर्फाचे कारखाने, शीतगृहे आणि मासळी प्रक्रिया उद्योग यांच्या नळ्यांतून अमोनिया वर्षभर वाहत असतो. अशाच एका कारखान्यातील सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे. आग किंवा गळती झाल्यावर घटनास्थळी कमांड कोणी आणि कशी सांभाळावी, हे शिकवणारे दोन दिवसांचे प्रशिक्षण नुकतेच मिरजोळे औद्योगिक वसाहतीत झाले. त्याला कारखान्यांची अग्निशमन पथके आणि बंबावर काम करणारे जवान एकत्र बसले होते. संस्था खासगी असून शिकवणारे दोघेही अग्निशमन दलातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. हे प्रशिक्षण प्रत्येक कारखान्याने घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती कोकणातील छोट्या पथकांना विशेष जाणवेल.

पहिल्या सकाळी इतिहास आणि रचना शिकवली जाते. १९७० च्या कॅलिफोर्नियातील वणव्यांनंतर घटनास्थळ नियंत्रणाची ही पद्धत (इन्सिडेंट कमांड सिस्टीम) तिकडे आकाराला आली आणि भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली, एवढे कळले तरी पुरे होते. त्यापेक्षा १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटावर दिलेला तास मला मोलाचा वाटला. फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्रच भरलेल्या होत्या. आग लागल्यावर जहाज बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, हे ठामपणे ठरवणारा एक अधिकारी तेथे नव्हता. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अग्निशमन सेवा दिनाला आपण दरवर्षी त्यांना मानवंदना देतो. हुकूम एकाच तोंडून का यावा लागतो, हेही त्यांच्याच मृत्यूवरून शिकवले जाते, ही गोष्ट मला फार योग्य वाटली.

दुपारचा टेबलावरचा सराव हा या प्रशिक्षणाचा सर्वांत भक्कम भाग आहे. जेटीजवळच्या एका काल्पनिक बर्फ कारखान्याचा नकाशा, रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनिया साठवणाऱ्या टाकीच्या, व्हॉल्व्हमधून गळती आणि समुद्राकडून येणारा खारा वारा, एवढी मांडणी होती. एका गटाने रस्त्याकडच्या मुख्य फाटकाशी कमांड पोस्ट, म्हणजे हुकूम देण्याची जागा, उभारली, कारण बंब तेथूनच आत येणार होता. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी ढगासाठी ठेवलेली कापसाची पांढरी पट्टी बोटाने हळूहळू पुढे सरकवली आणि ती थेट फाटकावर येऊन थांबली. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असला, तरी द्रवरूपात गळताना त्याचे थंड धुके जमिनीलगत पसरते. त्या धुक्यावर पाण्याची फवारणी करावी, पण साचलेल्या द्रवावर पाणी मारल्यास तो अधिक वेगाने उकळतो, हेही त्याच वेळी सांगितले गेले. मग घड्याळ रात्रीवर नेले, वारा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, झाला, आणि समुद्राच्या बाजूला हलवलेली कमांड पोस्ट पुन्हा उचलावी लागली. प्रत्येक वेळी नवी जागा वायरलेसवर सर्वांना कळवून प्रत्येक तुकडीकडून पोच घेण्याची सक्ती होती.

कमांड सोपवण्याची शिस्तही बारकाईने घोटून घेतली जाते. वरिष्ठ अधिकारी पोहोचला म्हणून कमांड आपोआप त्याच्याकडे जात नाही. काय घडले, आतापर्यंत काय केले, कोण कोठे आहे, काय कमी पडते आणि पुढे कशाची भीती आहे, हे समोरासमोर ऐकून घेतल्यावरच तो ती स्वीकारतो आणि तसे वायरलेसवर जाहीर करतो. तोवर कमांड सांभाळणारा कारखान्याचा नियंत्रक त्यानंतर दूर होत नाही. व्हॉल्व्ह कोठे आहेत आणि साठा किती आहे, हे सांगण्यासाठी तो अग्निशमन अधिकाऱ्याच्या शेजारीच उभा राहतो.

श्वसनयंत्र लावून कोण कधी आत गेला आणि त्याची हवा किती उरली, हे लिहिण्याच्या नोंदफलकावरील सत्र तितकेच चांगले झाले. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १८०० लिटर हवा असते. हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यानंतरचे ५० बार राखीव धरले तर १५०० लिटर उरते, म्हणजे मिनिटाला ४० लिटर दराने सुमारे ३७ मिनिटे. पण कष्टाच्या कामात हाच दर ६० लिटरवर गेला की २५ मिनिटेच मिळतात. कोकणातल्या दमट उकाड्यात बंदिस्त सूट घालून काम करणाऱ्याचा हिशेब दुसऱ्या आकड्यानेच करावा, असा आग्रह प्रशिक्षकांनी धरला आणि तो मला पूर्ण पटला.

आता उणिवेकडे येतो. संपूर्ण रचना मोठ्या शहराचे मनुष्यबळ गृहीत धरते: ऑपरेशन्स, नियोजन, लॉजिस्टिक्स यांसाठी वेगवेगळी माणसे, शिवाय स्वतंत्र सुरक्षा अधिकारी. आपल्याकडे पहिला बंब येतो तेव्हा त्यावर बहुधा चालक, प्रमुख आणि दोन-तीन जवान असतात. प्रमुखाने नोझल हातात घेऊ नये हे तत्त्व बरोबर आहे, परंतु चार माणसांत ते पाळायचे कसे, हा जवानांनी विचारलेला प्रश्न पाच मिनिटांत आटोपला. पंपावरील चालकाने नोंदफलक सांभाळावा का, कारखान्याच्या कोणत्या माणसाला तुकडीत घ्यावे, शेजारच्या तालुक्याचा बंब घाट ओलांडून येईपर्यंत आत जाण्याचे धाडस कधी टाळावे, यांसाठी अर्धा दिवस राखायला हवा होता. पुस्तिका केवळ इंग्रजीत आहे, हीदेखील गैरसोय आहे. ज्या जवानाला ती रात्री ड्युटीवर चाळायची आहे, त्याला ती मराठीतच मिळाली पाहिजे.

शुल्क एका कारखान्याला जड जाईल असे आहे, म्हणून वसाहतीतील तीन-चार कारखान्यांनी ते मिळून द्यावे आणि नगरपरिषदेच्या जवानांना आपल्या खर्चाने बसवावे. ठरवतानाच संस्थेकडे दोन गोष्टी मागून घ्याव्यात: मराठी पुस्तिका, आणि चार माणसांच्या पहिल्या तुकडीचा सराव, तोही शक्य असल्यास आपल्याच आवाराच्या नकाशावर.