हवा भरण्याचे बॅटरीवरचे यंत्र : तीन महिने वापरून आणि मोजून पाहिल्यानंतर

नोव्हेंबरच्या अखेरीस मी टायरमध्ये हवा भरण्याचे, बॅटरीवर चालणारे एक लहान यंत्र २,६०० रुपयांना मागवले. आकाराने ते विटेपेक्षा लहान आहे, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होते आणि आपल्याला पाहिजे तो दाब त्यावर आधी ठरवून दिला की तिथे पोचल्यावर आपोआप थांबते. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण अगदी याच घडणीची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जाताना दिसतात आणि खाली लिहिलेल्या तक्रारींचे मूळ एखाद्या कंपनीपेक्षा हवेच्या स्वभावात अधिक आहे. मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे यंत्र हातात आल्यावर ते नुसते वापरून माझे समाधान होणे शक्य नव्हते.

हे यंत्र घ्यावे की नाही, याचे उत्तर बहुतेक परीक्षणांत ते किती वेगाने हवा भरते यावर दिलेले असते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगात नाही, तर ते घरी असण्यात आहे. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर जो दाब छापलेला असतो (माझ्या गाडीला ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३३ पौंड; पंक्चरवाल्याच्या भाषेत नुसते तेहतीस पौंड), तो थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास जागेवर उभी असताना मोजायचा असतो. पेट्रोल पंप माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर आहे आणि तिथे पोचेपर्यंत टायर थंड राहत नाही. टायरमधली हवा ३० अंश सेल्सिअसवरून ४५ अंशांवर गेली, तर एक थेंबही हवा न वाढता दाब सुमारे सव्वादोन पीएसआयने वाढतो. पंपावर ३३ दिसले म्हणून आपण समाधानाने परततो आणि गाडी निवल्यावर त्याच टायरमध्ये ३१ सुद्धा नसतात. पंपावरचा मुलगा प्रामाणिक असला, त्याचे मापक अचूक असले, तरी ही चूक व्हायचीच. सकाळी वाहनतळावर, गाडी सुरू करण्यापूर्वी दाब पाहता येणे ही सोय मला एकट्या २,६०० रुपयांची वाटली.

मापक कितपत विश्वासाचे आहे, हे पाहण्यासाठी मी डिसेंबरात एक साधी चाचणी घेतली. गाडी दिवसभर सावलीत उभी ठेवली, शेजारी तापमापक टांगला आणि पुढच्या डाव्या टायरचा दाब पहाटे आणि दुपारी मोजला. पहाटे १२ अंशांना यंत्राने ३१.० दाखवले आणि दुपारी ३० अंशांना ३४.०. बंद भांड्यातील हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे निरपेक्ष शून्य या शक्य तितक्या नीचतम तापमानापासून मोजलेल्या तापमानाच्या, प्रमाणात वाढतो, हा नियम आपण गे-ल्युसॅकच्या नावाने शिकलो; खरे तर त्याच्या शंभरेक वर्षे आधी आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाब आणि तापमान यांचा हा संबंध पाहिलेला होता. माझ्या दोन नोंदींवरून सरळ रेषा मागे नेली, तर दाब शून्यावर येतो ते तापमान उणे २५६ अंश निघते. खरे उत्तर उणे २७३ आहे. अर्ध्या-अर्ध्या पीएसआयच्या पायरीने आकडे दाखवणाऱ्या, खिशात मावेल अशा यंत्राकडून निरपेक्ष शून्याच्या इतके जवळ पोचता आले, याचे मला खरोखर कौतुक वाटले. पायरीतच अर्ध्या पीएसआयची चूक संभवते, आणि त्या मानाने हा फरक अपेक्षेबाहेरचा नाही.

या गणितात एक मेख आहे आणि यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही. यंत्र जो आकडा दाखवते तो टायरमधील हवेचा एकूण दाब नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे, एवढेच ते सांगते. पूर्ण रिकामा टायर शून्य दाखवतो, पण त्याच्या आतही वातावरणाइतक्या दाबाची हवा असतेच. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचा दाब सुमारे १३.७ पीएसआय आहे, म्हणून पहाटेचा ३१ हा आकडा प्रत्यक्षात ४४.७ होता. ही बेरीज विसरून तीच रेषा काढली तर निरपेक्ष शून्य उणे १७४ अंशांवर येते, म्हणजे शंभर अंशांची चूक. वर्गात दरवर्षी निम्मी मुले हीच चूक करीत. रॉबर्ट बॉईलने मात्र ती केली नव्हती. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारख्या काचेच्या नळीत पारा ओतून, बंद टोकाकडच्या हवेची जागा किती आक्रसते हे त्याने मोजले आणि १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत वातावरणाच्या दाबाचे सुमारे २९ इंच मिळवण्यासाठी वेगळा रकाना ठेवला. त्या बेरजेनंतरच दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हे दिसू लागते. साडेतीनशे वर्षांनंतरच्या पुस्तिकेत त्या एका रकान्यासाठी दोन ओळी लिहायला हरकत नव्हती.

आता वेगाविषयी. खोक्यावर मिनिटाला १५ लिटर असा दावा छापलेला आहे. माझ्या टायरचे आकारमान अंदाजे ३० लिटर धरले, तर २५ पीएसआयवरून ३३ वर जाण्यासाठी बॉईलच्या नियमाने बाहेरची साडेसतरा लिटर हवा आत दाबावी लागते. यंत्राला त्यासाठी दोन मिनिटे पन्नास सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम सहा लिटर. खोक्यावरचा आकडा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. तो बहुधा नळीचे तोंड मोकळे ठेवून मोजलेला असावा. दट्ट्या वर गेल्यावर सिलिंडरच्या टोकाशी थोडी दाबलेली हवा उरते आणि परतीच्या फेरीत ती आधी फुगून सिलिंडरची काही जागा व्यापते, मगच बाहेरची ताजी हवा आत येते. टायरमधला दाब जितका जास्त, तितकी ही उरलेली हवा जास्त फुगणार आणि तितकी नवी हवा कमी येणार. त्यामुळे २५ ते ३३ हा प्रवास यंत्र संथपणे करते, तर रिकाम्या टायरमध्ये पहिले पाच-सात पीएसआय भराभर चढतात. तीन मिनिटे थांबणे मला जड गेले नाही. चारही चाके पूर्ण बसलेली असतील, तर मात्र पंक्चरवाल्याला बोलावणे बरे.

गरम होण्याबाबत मात्र काळजी घ्यावी लागते. हवा झटक्यात दाबली आणि तिच्यातील उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर तिचे तापमान किती वाढेल, हे मी कागदावर मांडून पाहिले. पुण्याची ३० अंशांची हवा ३३ पीएसआयपर्यंत दाबताना ती सिद्धांतानुसार १५५ अंशांच्या आसपास जाते. धातूचे सिलिंडर आणि नळी बरीचशी उष्णता शोषून घेत असल्याने प्रत्यक्षात इतके होत नाही, तरी भरणे संपल्यावर व्हॉल्व्हवरची पितळी चकती उघड्या हाताने फिरवताना चटका बसतो. मुलाच्या सायकलचा बारीक टायर ८० पीएसआयपर्यंत भरायचा झाला, तर हाच हिशेब २५० अंशांच्या घरात जातो. (डिझेल इंजिन ठिणगीवाचून पेट घेते ते याच कारणाने.) तेव्हा खोक्यावर ठळक छापलेल्या ‘१५० पीएसआयपर्यंत’ या शब्दांना मी फारसे महत्त्व देत नाही. सायकलचा टायर लहान असल्याने काम मिनिटभरात आटोपते आणि यंत्र निभावून नेते; गाडीचे टायर एकामागून एक भरताना दोन टायरांनंतर दहा मिनिटे विश्रांती द्यावी, ही पुस्तिकेतली सूचना मात्र शब्दशः पाळावी.

आणखी एक त्रुटी सांगायला हवी. मोटर चालू असताना पडद्यावर जो आकडा दिसतो, तो टायरमधला नसून नळीच्या यंत्राकडील टोकाचा असतो. वाहती हवा अरुंद नळीतून आणि व्हॉल्व्हमधून ढकलायला थोडा जास्तीचा दाब लागतो, तोही त्यात मोजला जातो. त्यामुळे ३३ वर थांबलेले यंत्र मिनिटभराने ३२.५ आणि कधी ३२ दाखवते. पहिल्या आठवड्यात मला व्हॉल्व्ह गळतो की काय अशी शंका आली. साबणाचे पाणी लावून पाहिले, एकही बुडबुडा आला नाही. आता मी यंत्र ३४ वर ठेवतो आणि थांबल्यानंतरचा आकडाच खरा मानतो.

जानेवारीत वाई आणि पाचगणीमार्गे महाबळेश्वरला गेलो, तेव्हा यंत्र बरोबर नेले. पुण्यात २५ अंशांना चारही टायरांत नेमके ३३ भरले होते. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरला सकाळी १३ अंशांना आकडा ३२.५ आला. वरवर पाहता काहीच बदलले नव्हते, पण आत दोन उलट गोष्टी घडल्या होत्या. थंडीने दाब जवळजवळ दोन पीएसआयने उतरवला होता आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने, दाबांतील फरकच मोजणाऱ्या यंत्राने त्यातले सव्वा पीएसआय परत मिळवून दिले होते. घाट चढून आल्यावर हवा कमी वाटते म्हणून तिथे भरायची आणि खाली कोकणात उतरल्यावर आकडा चढलेला पाहून सोडायची, हा खटाटोप बरेच जण करतात. इतक्या फरकासाठी त्याची गरज नाही. एका बाजूच्या टायरांवर ऊन पडत असेल, तर तेवढ्यानेच दोन पीएसआयचा फरक दिसतो. तेव्हा मोजणी सावलीतच करावी.

हे यंत्र घेतल्यावर नायट्रोजनचे काय, असे मला दोन शेजाऱ्यांनी विचारले. नायट्रोजन तापल्यावर फुगत नाही, असे त्यांना कुठल्याशा पंपावर सांगण्यात आले होते. ते खरे नाही. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच आणि टायरमधल्या दाबांना सगळे कोरडे वायू तापमानाला जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात. दाब ठरतो तो रेणूंच्या संख्येवर, त्यांच्या जातीवर नाही. फरक पडतो तो ओलाव्यामुळे. पावसाळ्यात दमट हवा दाबली की तिच्यातील वाफेचे पाणी होते. असे पुरेसे पाणी टायरमध्ये साठले आणि टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर त्या पाण्याची वाफ होऊन कोरड्या हवेच्या तुलनेत दोन पीएसआयहून अधिक भर पडू शकते. नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून थोडा सावकाश झिरपतो, इतकाच त्याचा लाभ. दर पंधरवड्याला घरीच दाब पाहणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. एका चार्जमध्ये माझे चार टायर, प्रत्येकी चार-पाच पीएसआयची भर घालून, दोनदा आटोपतात. यंत्रावरचा दिवा चांगला आहे. आवाज मिक्सरइतका असल्याने पहाटे सहाला मोटर लावणे शेजारधर्माला धरून होणार नाही, पण केवळ दाब पाहण्यासाठी ती लावावी लागत नाही. नळी आखूड आहे, मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसावे लागते. साठीच्या पुढील ग्राहकाने याचा विचार करावा. नळी फिरवून बसवताना आणि काढताना थोडी हवा निसटते. गाडीच्या टायरला ती जाणवत नाही, पण सायकलच्या टायरमधून प्रत्येक मोजणीला दोन-तीन पीएसआय जातात, म्हणून तिथे ठरवलेल्या दाबापेक्षा तितके जास्त भरून घ्यावे. फुटबॉलची सुई पाकिटात आहे, तिचा वापर मी केलेला नाही. तीन महिन्यांत दुरुस्तीची वेळ आली ती एकदाच, पितळी चकतीतला रबरी वायसर फाटला तेव्हा. सायकलच्या दुकानात तो पाच रुपयांना मिळाला.